चौथी पट्टी

मृणालीच्या हळदीचा बॅनर सकाळी आठला मांडवाच्या तोंडाशी चढला आणि पावणेनऊला हिरामणने आपल्या थोरल्या भावाशी बोलणं सोडलं.

केसरीनाथला हे कळायला अंमळ वेळ लागला, कारण तो रस्त्यापलीकडे कमरेवर हात ठेवून स्वतःचीच करणी न्याहाळत होता. वीस फूट लांब, दहा फूट उंच. मधोमध ढगांच्या वर त्याची उन्नती, पांढऱ्या गणवेशात, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, आणि खाली हाताच्या पंज्याएवढ्या लाल अक्षरांत ‘टेमघरची शान, कॅप्टन उन्नती केसरीनाथ भोईर’. उजव्या कोपऱ्यात नवरी मृणाली, हनुवटीला हात लावून. आणि डाव्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या डोक्यावर, ओळखपत्रावरच्या फोटोएवढा देवेश. हिरामणचा मुलगा, नवरीचा सख्खा भाऊ. तोही वैमानिकच, पण खांद्यावर तीन पट्ट्या, म्हणजे को-पायलट.

चूक कुणाची म्हणाल तर केसरीनाथची, शंभर टक्के. कामतघरच्या फ्लेक्सवाल्याकडे तो स्वतः गेला होता. उन्नतीचा फोटो त्याच्या फोनमध्ये तयारच होता. देवेशचा त्याने सत्यनारायणाच्या पूजेतल्या घोळक्यातून कापून दिला. शेजारच्या लूमच्या खडखडाटावर ओरडून फ्लेक्सवाला म्हणाला होता, “सेठ, ये वाला बडा करूँगा तो फट जाएगा.” आणि केसरीनाथ म्हणाला होता, “मग छोटाच ठेव.” देवेश त्याच घरात, वरच्या माळ्यावर झोपलेला होता. बारा पायऱ्या चढून चांगला फोटो मागता आला असता. केसरीनाथने तो मागितला नाही, आणि का मागितला नाही हे त्याचं त्याला चांगलं ठाऊक होतं. मोठी उन्नती त्याला फार आवडली होती.

“दादूस,” मागून हिरामणचा आवाज आला, “ही हलद कोनाची हाय?”

“कोनाची म्हन्जे? मृणालीची.”

“मना वाटला उन्नतीची.”

“अरे, फोटो फाटत होता देवेशचा...”

“पोरगा पन फाटतोय माझा. बारा वर्सं उजव्या खुर्चीत बसून फाटतोय. तो आधी लागला, ही मागून आयली. कानामागून आली आनि तिखट झाली!” हिरामण आता बॅनरकडे बोट नाचवत ओरडत होता. “बघून घे, डोले भरून बघून घे. दोन म्हयन्यांनी त्यातली एक पट्टी उतरनार हाय. माझ्या पोराची सही हाय त्या कागदावर!”

एवढं बोलून त्याने जीभ चावली. मग तो गर्रकन वळला आणि मंडपवाल्यावर उगीचच खेकसत निघून गेला.

केसरीनाथ तिथेच उभा राहिला. शेलारच्या जमिनीच्या बांधावरून दोघा भावांच्या चुली अठरा वर्षं वेगळ्या होत्या. त्या एक होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. एका भिंतीला दार पाडायला अठरा वर्षं लागली, आणि आज वीस फुटांच्या एका फ्लेक्सने त्या दाराची कडी पुन्हा सरकवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण सहीचं काय ते त्याला समजलं नाही, म्हणून तो लेकीला शोधायला निघाला.

उन्नती तांदळाच्या खोलीत सापडली. डाव्या हाताला ओली मेंदी, मांडीवर लॅपटॉप, आणि बूड तांदळाच्या गोणीवर. एका बोटाने ती काहीतरी वाचत वर सरकवत होती.

“कसली सही केलीय देवेशने?” केसरीनाथने विचारलं.

तिने वर पाहिलं नाही. “काका बोलले ना? मला वाटलंच. चेहरा बघितला मी त्यांचा.”

“मना समजंल असं सांग.”

“बाबा, माझी पारवा आणि दादाची ध्रुव या दोन कंपन्या एक झाल्या, एवढं माहितीये ना? आता सगळ्या वैमानिकांची एकच यादी करायचीय, थोरला कोण, धाकटा कोण. त्या यादीवर सगळं ठरतं. कमांड कुणाला मिळणार, म्हणजे कॅप्टन कोण होणार, सुट्टी कुणाला, रात्रीची ड्युटी कुणाला. कंपनीने कच्ची यादी काढली ती नोकरीला लागल्याच्या तारखेवर. दादा दोन हजार तेराला लागला, मी सोळाला. तो चारशे बारावा, मी नऊशे सातवी.”

“म्हन्जे तो वर. बराबर हाय की. मोठा हाय तो.”

“वर असू दे ना, माझी हरकत नाही. पण ध्रुववाल्यांनी पत्र लिहिलंय, की खुर्च्यापण यादीप्रमाणेच द्या. कॅप्टन जास्त आहेत आणि विमानं कमी. मग माझ्यासारखे खालचे कॅप्टन डाव्या खुर्चीतून उठणार, परत को-पायलटच्या उजव्या खुर्चीत बसणार, आणि आमच्या जागी दादासारखे बसणार.” तिने आता वर पाहिलं. “त्या पत्रावर त्याची सही आहे. मला न सांगता केलेली. बारा दिवस झाले, आम्ही एका ताटात भाकरी मोडतोय आणि बोलत नाही.”

“आनि तू? तू काय केलंस?”

“आमच्या पारवावाल्यांचं पत्र उलटं आहे. आधी सगळे कॅप्टन, मग सगळे को-पायलट, लागायची तारीख काहीही असो. ते मान्य झालं तर दादा सहाशेच्या खाली जातो. मग त्याला कमांड मिळेपर्यंत केस पिकतील.” तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला, जणू त्याला इंग्रजी कळणार होतं. “आज पाच वाजता हरकती बंद. माझी सही अजून नाही. रोज उघडते आणि मिटते.”

केसरीनाथने लॅपटॉप परत तिच्याकडे वळवला. या पोरीला विमानाचं वेड लावलं कुणी? देवेशनेच. चुली वेगळ्या होत्या, मोठी माणसं एकमेकांची तोंडं बघत नव्हती, तेव्हा हा पोरगा गच्चीच्या भिंतीवरून स्वतःची जुनी पुस्तकं तिच्या हातात देत असे. तिचा पहिला फॉर्मही त्यानेच भरला होता. केसरीनाथने ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं होतं, आणि आयुष्यात केलेल्या शहाणपणाच्या दोन-तीन गोष्टींत तो ती मोजत असे.

तेवढ्यात दारात देवेशच आला, खांद्यावर आंब्याचा डहाळा घेऊन. आत दोघांना पाहून तो थबकला, पण मागे फिरणं बरं दिसलं नसतं.

“सही केलीस?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग कर ना, मॅडम. पाचला बंद होतंय.”

“मॅडम बोलू नकोस मला. दादा, मी डाव्या खुर्चीत फुकट बसले का? परीक्षा दिल्या, तपासण्या दिल्या, जोरहाटच्या धुक्यात विमानं उतरवली.”

“आणि मी काय करत होतो? पत्ते खेळत होतो? तुझ्या तीन वर्षं आधी लागलो मी. आमच्याकडे नवीन विमानंच आली नाहीत, त्यात माझा काय गुन्हा? परवा माझ्या शेजारी जो कॅप्टन बसला ना, तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मला म्हणतो, सर, तुम्ही सिनियर वाटता.”

उन्नतीला हसू फुटलं होतं, ते तिने मोठ्या कष्टाने गिळलं. “पण माझी पट्टी उतरवून तुला काय मिळणार?”

“जागा,” देवेश म्हणाला.

केसरीनाथ गोणीला टेकून उभा होता. एक चूक आणि एक बरोबर असतं तर त्याने एव्हाना दोन शब्द ऐकवून मोकळं केलं असतं. इथे दोघंही बरोबर होती, आणि त्याहून वाईट म्हणजे दोघंही त्याचीच होती.

“दादूस! देवेश! कोनतरी या रे!” मांडवातून हिरामणची हाक आली, आणि तिच्या पाठोपाठ बायकांचा असा गलका उठला की तिघंही बाहेर धावली.

मांडवाच्या मधोमध जातं मांडलेलं. त्याला आंब्याची पानं बांधलेली, शेजारी सुपात हळकुंडं. आणि जात्यापाशी पाटावर विनिता, हिरामणची बायको, नवरीची आई, पदर खोचून बसलेली. तिच्यासमोर उभी होती सीताबाई, केसरीनाथची बायको. सीताबाई उंचीने बेताची. पण आज ती बॅनरएवढी दिसत होती.

भांडण काय होतं ते केसरीनाथला न विचारताच उमगलं. घरच्या हळदीची पहिली मूठ जात्यात घालायचा मान थोरल्या सुनेचा. आता थोरली कोण? केसरीनाथ वयाने थोरला, म्हणून त्याची बायको थोरली जाऊ. पण हिरामणने भावाच्या चार वर्षं आधी प्रेमात पडून लग्न उरकलं होतं, त्यामुळे या उंबऱ्यावरचं माप आधी ओलांडलं ते विनिताने. मग अठरा वर्षं चुली वेगळ्या, तेव्हा दोघी आपापल्या घरात पहिल्या. प्रश्न कधी उठलाच नव्हता. एक झालेल्या घरातला हा पहिला मांडव, आणि मूठ एकच होती.

“मी थोरली हाय,” सीताबाई म्हणत होती. “नात्याने थोरली. उठ तिथनं.”

“नात्याने असशील. मी या घरात आयले तवा तू शालेत होतीस,” विनिता म्हणाली. “सासूला मी पानी पाजला. आनि लेक माझी हाय.”

“लेक तुझी, पन मान घरचा!”

“दादूस, तुझ्या घरात सगल्यांनाच मोठं व्हायचा हाय का?” हिरामणने बॅनरचा राग इथे काढला. “तिकडं पोरगी, हिकडं बायको!”

केसरीनाथने मनातल्या मनात हिशेब केला. बायकोची बाजू घ्यावी तर भाऊ जातो, भावाची घ्यावी तर रात्रीची भाकरी जाते.

मग राहीआक्काने घसा खाकरला. राहीआक्का धवलारीण. आगरी मांडवात लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्याने. देवांना बोलवायचं तिने, पितरांना बोलवायचं तिने, आणि मांडवात तिचा शब्द शेवटचा. मुंबईत राहिलेल्या पाहुण्यांनाही ती डोळ्यांनी खाली बसवी. वय पंचाहत्तर, तोंडात दात चार, आवाज मात्र खणखणीत.

“झाला बोलून?” तिने विचारलं. “आता माझा आयका. मांडवात पाटावर बसलेल्याला उठवायचा न्हाय. बसली ती बसली. उठवलेल्या पाटावर लक्ष्मी बसत न्हाय.”

विनिताचा चेहरा उजळला.

“हसू नको, माझा संपला न्हाय. पुढचा पाट मांडंल तो थोरलीचा. पुढच्या मांडवाला पयली मूठ सीताबाईची, तिथं तू बोलायचा न्हाय. आनि आज,” तिने काठीने समोरची जमीन ठोकली, “हितं दुसरा पाट मांडा. जातं येकटीनं फिरवायचा नसतो, दोन हातांनी हलका जातो. मूठ हिची, खुंट्याला हात दोघींचा. कबूल?”

सीताबाईला पक्कं करून घ्यायचं होतं. “पुढचा मांडव म्हन्जे कोनाचा?”

“तुझी पोरगी आकाशातनं खाली उतरंल तवा तिचा. न्हायतर या देवेशचा. जो आधी करंल त्याचा.”

मांडव खो खो हसला. सीताबाईही हसली आणि समोरच्या पाटावर बसली. विनिताने मूठ घातली, दोघींनी खुंटा धरला, आणि जातं घरघरू लागलं. राहीआक्काने डोळे मिटून सूर लावला:

“हलदीला जातं मांडियेलं गो,
जोडीनं जावा बोलावियेल्या...”

केसरीनाथने सुटकेचा श्वास टाकला आणि बाजूला पाहिलं. देवेश तसाच उभा होता, आंब्याचा डहाळा खांद्यावर. तो आपल्या आईकडे पाहत होता. विनिता पाटावर अशी ऐसपैस बसली होती, की तिला तिथून कुणी उठवलं असतं तर या पोराने मांडव डोक्यावर घेतला असता. देवेशने ते पाहिलं, मग मान वळवून उन्नतीकडे पाहिलं. तिने फक्त भुवई उडवली.

गाणं थांबल्यावर देवेश राहीआक्कापाशी जाऊन उकिडवा बसला. “आक्का, बसलेल्याला उठवायचं नाही, हा कायदा मांडवापुरताच की बाहेरपण चालतो?”

“बाहेर नेलास तर कोन पकडनार हाय तुला?” राहीआक्का म्हणाली आणि चहा मागवला.

दुपारी अडीचला तांदळाच्या खोलीचं दार लागलं. आत देवेश, उन्नती आणि लॅपटॉप. केसरीनाथला कुणी बोलावलं नव्हतं. तो तांदूळ मोजायला म्हणून आत शिरला आणि तीच एक गोण न्याहाळत राहिला.

“जे आज डाव्या खुर्चीत आहेत त्यांना उठवायचं नाही,” देवेश सांगत होता, उन्नती उजव्या हाताच्या एका बोटाने लिहीत होती. “पण यापुढे जी नवीन जागा निघेल, ती लागायच्या तारखेप्रमाणे. आधी आम्ही.”

“सगळ्या नवीन जागा?”

“सगळ्या.”

“आणि सुट्ट्या, ड्युट्या?”

“यादीप्रमाणे.”

“म्हणजे दिवाळीला तू घरी आणि मी पोर्ट ब्लेअरला.”

“मी फराळ पाठवीन.”

“काकीने केलेला पाठव. तुझ्या हातचा नको.” ती लिहायची थांबली. “दादा, नवीन विमानं दीड वर्षाआधी येत नाहीत. तुला तोपर्यंत उजवीकडेच बसावं लागेल.”

“बारा वर्षं बसलो. दीड काय जास्त आहे?” तो सहज बोलल्यासारखं बोलला. मग तो म्हणाला, “त्या पत्रावर सही करताना मी तुझा चेहरा डोळ्यांसमोर येऊच दिला नाही. खरं सांगतो. आकडे बघितले फक्त. तुला सांगायला हवं होतं.”

“हवं होतं,” उन्नती म्हणाली. “मी रडले त्या दिवशी. गाडीत.”

“सॉरी.”

“ठीक आहे. सीट म्हणजे ‘एस ई ए टी’च लिहू ना, की खुर्ची?” आणि मग दोघंही हसायला लागली, बारा दिवसांचं साठलेलं एकदम.

केसरीनाथने गोणीवरचा हात काढला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याला ते पुसायची लाज वाटली नाही.

“माझा ग्रुप मला उभा सोलणार,” देवेश म्हणाला. आपलं नाव जुन्या पत्रातून मागे घेतल्याचा निरोप त्याने फोनवर पाठवला, आणि फोन तापल्यासारखा वाजू लागला.

“माझापण. एकत्र सोलून घेऊ.” पत्र संपलं. खाली दोन नावं घालायची होती. उन्नतीचं बोट थांबलं, मग तिने आधी टाईप केलं ते देवेशचं नाव, आणि त्याखाली स्वतःचं. “तू आधी लागलास,” ती म्हणाली.

केसरीनाथने ते पाहिलं. इंग्रजी येत नसलं तरी लेकीचं नाव दुसरं आहे एवढं त्याला कळलं. सकाळी याच माणसाने तिला वीस फुटांवर चढवलं होतं. आता तिच्या दुसऱ्या नंबरावर त्याने मान डोलावली.

पाचला दहा कमी असताना पत्र गेलं. तोवर दोघांनी फोन करकरून त्याखाली अकरा नावं जमवली होती, पाच ध्रुवची, सहा पारवाची. कंपनीत हजारावर वैमानिक. अकरा म्हणजे काहीच नाही. “पण एका पत्रावर दोन्हीकडची नावं आजपर्यंत आली नव्हती,” उन्नती म्हणाली. ते मानलं जाईल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

केसरीनाथ मात्र सरळ शिडीकडे गेला. हिरामण मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला होता.

“उतरवतो मी हा,” केसरीनाथ म्हणाला. “चुकला माझा, हिरामण. फोटो फाटत नव्हता. मीच फाटलो होतो कौतुकानं.”

हिरामणने बसल्याबसल्या बॅनरला टेकवलेल्या शिडीचा पाय धरला. देवेशने त्याला पत्राचं सांगितलं असावं. “ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “पाव्हने येतायत. मोकला बांबू बरा दिसत न्हाय. आनि पोरगी आपली चांगली आयलीय फोटोत.”

दिवस मावळायच्या आत मृणालीला हळद लागली. पहिली विनिताने लावली, मग सीताबाईने, मग सगळ्या टेमघरने. बेंजोवाले आले, वाजवू लागले. नवरी ओळखू येईनाशी झाली तेव्हा उन्नतीने उरलेल्या हळदीची वाटी उचलली आणि बाहेर आली.

शिडी अजून बॅनरलाच टेकलेली होती. तिने साडीचा ओचा खोचला आणि चढायला लागली.

“अगं, पडशील!” सीताबाई ओरडली.

“विमानातनं न्हाय पडली ती, शिडीवरनं काय पडतेय,” हिरामण म्हणाला. तरी तो खुर्चीवरून उठला होता.

उन्नती स्वतःच्या भल्यामोठ्या फोटोकडे न बघता डाव्या कोपऱ्यापर्यंत गेली. तिथल्या छोट्याशा देवेशच्या खांद्यावर तीन सोनेरी रेघा होत्या. तिने बोट हळदीत बुडवलं आणि त्यांच्या खाली चौथी ओढली. बोट जाडं आणि फोटो लहान, त्यामुळे पट्टी खांद्याबाहेर जाऊन थेट शुभेच्छुकांत घुसली. केसरीनाथच्या छापील नावावर पिवळा ओघळ आला.

मांडव टाळ्या आणि शिट्ट्यांनी दणाणला. “पानी पडला तर धुवून जाईल गो,” हिरामण खालून म्हणाला.

“हलद हाय ती,” विनिता म्हणाली. “मागं काहीतरी ठेवूनच जाते.”

केसरीनाथ शिडी धरायला पुढे झाला. पण त्याच्याआधी कुणीतरी दोन्ही हातांनी ती घट्ट धरली होती. देवेश वर पाहत होता. त्याच्या कपाळाला, गालांना, शर्टाला हळद होती. तीन वर्षं झाली होती उन्नतीला चौथी पट्टी मिळून, आणि इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून जो शब्द एकदाही निघाला नव्हता, तो आज सगळ्या टेमघरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने निघाला.

“उतरा सावकाश, कॅप्टन. शिडी मी धरलीय.”